'विना गॅस' म्हणजे नक्की काय?

बी-५०२ : नमस्कार. आपल्या सोसायटीच्या गणपतीतल्या शनिवारच्या मुलांच्या 'विना गॅस पाककृती' स्पर्धेबद्दल थोडं लांबलचक लिहितेय. आमच्या चिरंजीवांनी (चौथी) काल सराव म्हणून मायक्रोवेव्हमध्ये अख्खं अंडं उकडलं. बाहेर काढलं, चमच्याने टोचलं आणि ते फटाक्यासारखं फुटलं. बलक चष्म्याच्या काचेवर चिकटला म्हणून डोळा वाचला. हनुवटीला थोडं भाजलंय. व्हिडिओवर लिहिलं होतं, 'नो फायर, मुलांसाठी खास, २ मिनिटांत'.

ए-१०१ आजोबा : अरे बापरे! आता कसा आहे?

बी-५०२ : बरा आहे आजोबा. ओटा आणि छत अजून पुसतोय आम्ही.

सी-३०४ : गणपतीच्या स्पर्धेत अंडं?

बी-५०२ : काकू, अंडं स्पर्धेत नाही हो, घरी. स्पर्धेसाठी भेळच ठरली आहे.

सेक्रेटरी : सूचनेत 'गॅसचा वापर करू नये' असं स्पष्ट लिहिलं आहे. कमिटीने मायक्रोवेव्हला परवानगी दिलेली नाही.

बी-५०२ : नाकारलीही नाही ना, साहेब. तो मला तेच म्हणाला, "आई, गॅस कुठे लावला?" मी ऑफिसच्या कॉलवर होते, मान डोलावली. माझीही चूक आहेच.

डी-२०२ डॉक्टर : कवचाच्या आत वाफ कोंडते. नंतर टोचलं की सुटते. सोललेलं उकडलेलं अंडं परत गरम केलं तरी हेच होऊ शकतं, कधी थेट तोंडात चावताना. आणि सगळ्यांनी लक्षात ठेवा : भाजलं की २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही.

ए-१०१ आजोबा : आम्ही तर शाई लावायचो.

डी-२०२ डॉक्टर : 🙏

सी-६०१ : मला एक कळत नाही. मुलांसाठीचा शिक्का असलेले व्हिडिओ कोणी तपासतच नाही का? मी तर मुलीला फक्त तेच बघू देते.

बी-१०३ : ताई, मी व्हिडिओ एडिटिंग करतो म्हणून सांगतो. यूट्यूबवर 'मुलांसाठी' हा शिक्का बहुतेक वेळा व्हिडिओ टाकणारा स्वतःच लावतो. २०१९ मध्ये मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल अमेरिकेत गुगलला १७ कोटी डॉलर भरावे लागले, त्यानंतर जानेवारी २०२० पासून हे आलं. त्याचा संबंध जाहिराती आणि माहितीशी. सुरी धारदार आहे का, तेल उकळतंय का, याच्याशी काडीचाही नाही. उलट अशा व्हिडिओखाली कॉमेंट बंद असतात. म्हणजे 'माझ्या मुलाचा हात भाजला, करू नका' असं कोणाला लिहायचं असेल तरी तिथे जागाच नाही.

सी-६०१ : हे माहीतच नव्हतं.

ए-३०१ : आज पाणी किती वाजता येणार?

सेक्रेटरी : ६.३० ला. कृपया विषय सोडू नये.

ए-४०२ (टीचर) : मी पंधरा वर्षं शाळेत मुलांच्या भेळ-सँडविचच्या स्पर्धा घेतेय. शिक्का मी बघत नाही, व्हिडिओ कुठे कापलाय ते बघते. साखर पातेल्यात पडली आणि पुढच्याच क्षणी पाक तयार! मध्ये जे कापलं त्यातच सगळं असतं : साखर वितळून १६०-१७० अंशांवर गेली, कोणीतरी मोठ्याने ती ढवळली, भांडं चिमट्याने उतरवलं. त्या 'स्क्विड गेम' या कोरियन मालिकेनंतर दालगोनाच्या, म्हणजे साखरेच्या पाकाच्या, चकत्यांचं वेड आलं होतं ना, तेव्हा शेजारच्या शाळेतल्या एकीच्या बोटावर पाक पडला. गरम पाणी ओघळून तरी जातं, पाक चिकटून बसतो.

मिक्सरचंही तसंच. गरम टोमॅटो भांड्यात घातले, झाकण लावलं, फिरवलं, सूप तयार. वाफेने झाकण उडतं हे ३० सेकंदांच्या व्हिडिओत कोण दाखवणार? गार होईपर्यंत थांबण्यात कोणाला बघायला मजा नाही.

सी-३०४ : अगदी बरोबर. आमच्याकडे छतावर अजून डाग आहे. मुलाने नाही, मीच केलेला.

बी-१०३ : कापण्याबद्दल टीचरशी सहमत, ते कापायचे पैसे मला मिळतात. पण एक सांगू? २०१९ मध्येच चीनमध्ये दोन मुलींनी शीतपेयाच्या डब्यात मक्याचे दाणे घालून खाली अल्कोहोल पेटवलं. १४ वर्षांची मुलगी गेली, दुसरी जखमी झाली. ज्या ब्लॉगर बाईंचा व्हिडिओ बघून मुलींनी हे केलं असा आरोप झाला, त्या म्हणाल्या, माझी पद्धत वेगळी होती. असेलही. मुलं पद्धत बघत नाहीत, शेवट बघतात.

ए-१०१ आजोबा : मग मोबाईलच बंद करा. सोपं.

बी-५०२ : आजोबा, त्याच मोबाईलवर बघून त्याने पहिल्यांदा कणीक मळली हो. आमच्याकडे आधीच्या दोन पिढ्यांत कुठल्या पुरुषाने परातीला हात लावलेला मी पाहिला नाही.

ए-१०१ आजोबा : हा टोमणा मला का?

बी-५०२ : नाही नाही, आमच्या घरच्यांना!

डी-५०३ : आमचे दोघं तो तमिळ व्हिलेज कुकिंग चॅनेल तासन्‌तास बघतात. आजोबा आणि नातवंडं, उघड्या शेतात चूल, हाताएवढे सुरे. भाषा ओ की ठो कळत नाही. शिक्का-बिक्का काही नाही. पण एवढा मोठा जाळ बघून धाकटा म्हणाला, "बाबा, हे आपल्याला जमणार नाही." मला तो सगळ्यात सुरक्षित व्हिडिओ वाटला.

सी-३०४ : त्यात मटण असतं ना?

डी-५०३ : काकू, असतं. आपण बघू नका.

ए-४०२ (टीचर) : डी-५०३, तुम्ही माझ्याच मुद्द्यावर आलात. तिथे कांदे चिरण्यापासून सगळं डोळ्यांसमोर होतं. मुलाला काम किती मोठं आहे ते दिसतं.

डी-२०२ डॉक्टर : लहानग्यांच्या आयांसाठी एक. बाळांच्या खाऊच्या व्हिडिओत सर्रास मध असतो. १ वर्षाखाली मध अजिबात नाही, चाटवायचाही नाही. आणि ५ वर्षांखाली अख्खे द्राक्ष, अख्खे शेंगदाणे नाहीत. श्वासनलिकेत अडकतात. स्पर्धेत ताटं फिरतील तेव्हा धाकटी भावंडंही खातात, म्हणून सांगतोय.

सेक्रेटरी : ठीक. सुधारित सूचना : "गॅस, इंडक्शन, मायक्रोवेव्ह, किटली, मिक्सर यांपैकी काहीही वापरता येणार नाही." चालेल?

सी-६०१ : टोस्टर?

सेक्रेटरी : टोस्टरही.

बी-१०३ : इस्त्रीही लिहा. इस्त्रीवर सँडविच करायचे व्हिडिओ आहेत.

सेक्रेटरी : गंमत करताय का?

बी-१०३ : लिंक पाठवू?

सेक्रेटरी : नको. "तापणारी कोणतीही वस्तू" असं लिहितो.

बी-५०२ : चिरंजीव विचारतायत, कांदा स्वतः चिरला तर चालेल का? मी चिरून दिला तर ते म्हणे 'फसवणूक' होईल.

सेक्रेटरी : सुरीबद्दल नियमात काही नाही. कमिटीला विचारावं लागेल.

सी-३०४ : कमिटी कशाला? उद्या पाचला त्याला माझ्याकडे पाठव. बोटं कशी दुमडायची ते दाखवते. अंडं मात्र आणू नकोस म्हणावं.