नादारीचा (दिवाळखोरीचा) अर्ज करण्याआधी
क्रेडिट कार्डाची आणि ॲपवरची कर्जं डोईजड झाली तर अमेरिकेसारखी दिवाळखोरी जाहीर करून मोकळं व्हावं, असं काही जण सुचवतात. आपल्याकडे ते इतकं सरळ नाही.

2016 च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू झाला. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात जुनेच नादारी कायदे: मुंबईत 1909 चा, मुंबईबाहेर 1920 चा. मुंबईत अर्ज उच्च न्यायालयात करायचा, बाहेर जिल्हा पातळीवर. नादार ठरलात की मालमत्ता न्यायालयाच्या अधिकाऱ्याकडे जाते. घर गहाण असेल तर बँकेचा त्यावरचा हक्क तसाच राहतो. आणि खरी सुटका मुक्ततेच्या आदेशानंतरच; तो देताना न्यायालय तुमची वागणूक बघतं. तोवर कंपनीचं संचालकपद नाही, आमदारकी-खासदारकीही नाही.

म्हणून मला वाटतं, पगारदार माणसाने हा रस्ता शेवटी ठेवावा. वसुलीवाले घाबरवतात, पण कार्डाची थकबाकी हा गुन्हा नाही. न्यायालयाचा हुकूमनामा (वसुलीचा आदेश) झाला तरी सगळा पगार जप्त होत नाही: पहिले 1000 रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश सुरक्षित असतात, पीएफलाही संरक्षण आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. नातेवाइकांना छळणंही चालत नाही. असे फोन आले तर नोंद ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा, उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तडजोड ठरलीच, तर बँकेचं तडजोडीचं पत्र हातात आल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.