‘चार्ज’चे एवढे अर्थ पोरीने लक्षात कसे ठेवायचे?

वहिनी (बी-१०२): नमस्कार. लेक दहावीला आहे, मराठी माध्यम. इंग्रजीच्या उताऱ्यात ‘चार्ज’ आला की अडते. मोबाइल चार्ज, मेंटेनन्स चार्जेस, चार्जशीट, लाठीचार्ज, साहेबांनी चार्ज घेतला... वहीत यादी करून पाठ करतेय. सर, काही सोपा उपाय आहे का?

सर (ए-४०१): ताई, यादी आधी बंद करायला सांगा, पाठ केलेली यादी ऐनवेळी दगा देते. मुळात लॅटिनमध्ये ‘कॅरस’ म्हणजे गाडी. त्यावरून गाडीत माल भरणं, आणि तेच फ्रेंचमधून इंग्रजीत ‘चार्ज’ होऊन आलं. ‘कार’ आणि ‘कार्गो’ त्याच कुळातले. सावदा-रावेरला केळीचा ट्रक भरतात ना, तो मूळचा चार्ज. कशात तरी भरलं, कुणावर तरी भार टाकला, एवढंच तिला धरू द्या.

नाना (सी-२०३): सर, हाई भारी शे. पण मोबाइलमध्ये कुठला माल?

सर: नाना, मधे बंदूक आहे. बंदुकीत दारू ठासणं म्हणजे चार्ज करणं. अठराव्या शतकात विजेचे प्रयोग करणाऱ्यांनी तोच शब्द घेतला, बेंजामिन फ्रँकलिन त्यांच्यातलेच. ‘बॅटरी’सुद्धा तोफांच्या रांगेवरून आलेली.
आणि आपली मराठी बघा. गाडी भरतो, बंदूक भरतो, बिलही भरतो. विज्ञानाच्या पुस्तकात विद्युतप्रभार, कचेरीत अतिरिक्त प्रभार, दोन्हीकडे भार आहेच. आरोपसुद्धा आपण माणसावर ‘ठेवतो’. मराठी माध्यमाच्या पोरीला हे लवकर कळेल, मला खात्री आहे.

वहिनी: मग डिस्चार्ज म्हणजे भार उतरवणं?

सर: अगदी बरोबर! पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडले की तापीत किती क्युसेक विसर्ग ते मेसेज येतात ना, तो विसर्ग म्हणजे डिस्चार्ज. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. दवाखान्यातून सुट्टी मिळते तोही डिस्चार्जच.

दादा (डी-३०४): लाठीचार्जमध्ये काय भरतात सर?

सर: तिथे एक पायरी जास्त आहे. आधी हत्यार रोखून सज्ज करणं, मग ते घेऊन अंगावर धावून जाणं. लाठीचार्ज हा जोडशब्द मात्र आपल्या देशातल्या इंग्रजीचा.

वहिनी: लेक विचारतेय, ‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ एकच का?

सर: शाब्बास, चांगला प्रश्न. एक नाही. आजी ‘इन चार्ज ऑफ’ नातू, म्हणजे जबाबदारी आजीवर. नातू ‘इन द चार्ज ऑफ’ आजी, म्हणजे नातू आजीच्या हवाली. ‘द’ आला की बाजू उलटते. दोन्हीची दोन-दोन वाक्यं लिहून संध्याकाळी वर पाठवा तिला, मी तपासून देतो.