डायना रिग: ओलेना आजीच्या आधीची एमा पील

सायली_के
गेम ऑफ थ्रोन्स मी फार उशिरा बघितलं, मागच्याच महिन्यात संपवलं, आणि त्यातली ओलेना टायरेल, ती तिखट जिभेची आजी, डोक्यातून जातच नाहीये. विष पिऊन झाल्यावरसुद्धा जेमीला काय सुनावते! मग ही बाई कोण म्हणून शोधलं तर डायना रिग, आणि तिच्या साठच्या दशकातल्या 'द अ‍ॅव्हेंजर्स'चे तुकडे सापडले (मार्व्हलवालं नाही, ब्रिटिश टीव्हीवरची हेरगिरीची मालिका). ब्लॅक अँड व्हाइटमध्ये धिप्पाड माणसांना लोळवतेय आणि केसाची बट हललेली नाही. एवढी लोकप्रिय होती तर तीनच वर्षांत सोडली का? आणि लहानपण भारतात गेलं म्हणतात ते खरं का?

मीटरगेज
भारताचं अगदी खरं. जन्म २० जुलै १९३८, यॉर्कशरमधल्या डाँकास्टरचा, पण वडील रेल्वे इंजिनियर, बिकानेर संस्थानच्या रेल्वेत नोकरीला, त्यामुळे दोन महिन्यांची असताना इकडे आली ती आठ वर्षांची होईपर्यंत इथेच वाढली. हिंदी तिची दुसरी भाषा होती. मग एकदम उचलून यॉर्कशरच्या बोर्डिंग शाळेत टाकली. कुठे बिकानेरचं ऊन आणि कुठे ती शिस्तीची थंडगार शाळा, मला तर त्या वयाच्या पोरीची दयाच येते. तिथे ती कधी रुळली नाही.

विंगेतून
सायली, तुझ्या 'का सोडली'चं उत्तर जरा लांब आहे. मुळात ती टीव्हीची नव्हतीच, नाटकातली. लंडनच्या राडा (RADA) या नाट्यशाळेत शिकली, १९५९ पासून पाच वर्षं रॉयल शेक्सपिअर कंपनीत होती, १९६२ च्या पीटर ब्रुकच्या किंग लिअरमध्ये पॉल स्कोफिल्डसमोर कॉर्डेलिया केली. 'द अ‍ॅव्हेंजर्स'मधल्या एमा पीलच्या भूमिकेसाठी आधी एलिझाबेथ शेपर्डला घेतलं होतं, शूटिंगही सुरू झालं होतं, पण ते जमेना म्हणून पुन्हा ऑडिशन लावल्या, त्यात ही गेली, तेही मालिकेचा एकही भाग न बघता! १९६५ ते १९६८ मध्ये ५१ भाग केले, पहिले २६ ब्लॅक अँड व्हाइट, नंतरचे रंगीत.

आता पैशांचं. बाराएक भाग झाल्यावर तिला कळलं की आपल्याला कॅमेरामनपेक्षा कमी मिळतात. अख्खी मालिका तिच्या चेहऱ्यावर अमेरिकेत विकली जात होती आणि ही परिस्थिती. ती अडून बसली, वाढ मिळाल्याशिवाय पुढचे भाग करणार नाही म्हणाली, आणि मिळवलीही. पण पेपरवाल्यांनी तिला पैशाची हावरी ठरवलं, आणि एकही सहकारी तिच्या बाजूने उभा राहिला नाही, मालिकेत तिचा जोडीदार स्टीड झालेला पॅट्रिक मॅकनीसुद्धा नाही. पन्नास वर्षांनंतर, २०१९ मध्येही ती हे बोलून दाखवत होती, म्हणजे किती लागलं असेल बघ. मला हा तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रसंग वाटतो, कुठल्याही अवॉर्डपेक्षा. शिवाय त्या प्रसिद्धीने जीव गुदमरायचा तिचा, आणि स्टेज सोडवत नव्हतं, १९६६ मध्ये मालिका चालू असतानाच स्ट्रॅटफर्डला जाऊन शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मधली व्हायोला करून आली.

चहा_उलटा
निरोपाचा भाग जरूर बघ. एमाचा हरवलेला नवरा सापडतो, ती निघते, आणि जिन्यात वर येणारी नवी मुलगी भेटते, टारा किंग. तिला एमा जाता जाता सांगते की स्टीडला चहा उलट्या दिशेने ढवळलेला आवडतो. बस, एवढंच. ना रडणं ना मिठ्या. आणि स्टीड खिडकीतून बघतो तर नवरा पाठमोरा थेट त्याच्यासारखाच, तीच हॅट, तीच छत्री! मी हे किती वेळा बघितलं असेल, दरवेळी गलबलून येतं. अख्ख्या मालिकेत तो तिला 'मिसेस पील'च म्हणत आलेला असतो, त्या एका क्षणी 'एमा' म्हणतो.

@विंगेतून, एक मात्र पटत नाही. 'मुळात टीव्हीची नव्हतीच' म्हटलं की टीव्हीचं काम दुय्यम असल्यासारखं वाटतं. १९८९ च्या 'मदर लव्ह' मालिकेसाठी बाफ्टा (ब्रिटिश पुरस्कार) आणि १९९७ च्या 'रिबेका'मधल्या मिसेस डॅन्व्हर्ससाठी एमी (अमेरिकन टीव्ही पुरस्कार), दोन्ही टीव्हीचीच की.

विंगेतून
मान्य, चुकीचं बोललो. पण तिचं 'मेडिया' हे नाटक विसरू नका हं. लंडनला अल्मेडा थिएटरमध्ये १९९२ ला सुरू झालं, न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर गेलं आणि १९९४ ला तिला टोनी (अमेरिकन नाट्यपुरस्कार) मिळालं. पन्नाशी उलटल्यावर ही भूमिका! त्याच वर्षी डेम (ब्रिटिश सरकारी किताब) झाली.

मीटरगेज
शेवटच्या कामांपैकी एक 'ब्लॅक नार्सिसस' ही टीव्ही मालिका. गोष्ट हिमालयातली, ती मदर डोरोथिया. १० सप्टेंबर २०२० ला ८२ व्या वर्षी कॅन्सरने गेली आणि ते टीव्हीवर आलं डिसेंबरमध्ये.

सायली_के
बापरे, किती दिलंत सगळ्यांनी, मनापासून थँक्यू! कॅमेरामनचं वाचून फार राग आला, आईला वाचून दाखवलं तर तीही चिडली. सुरुवात नेमक्या कुठल्या भागापासून करू?

चहा_उलटा
१९६६ चा 'द हाउस दॅट जॅक बिल्ट'. एमा एका यांत्रिक घरात एकटी अडकते, दारं बंद, फिरून फिरून त्याच खोलीत येते. जवळजवळ सगळा भाग तिचा एकटीचा. घाबरलीये हे डोळ्यांत दिसतं आणि तरी ती एकेक गोष्ट तपासत डोकं चालवत राहते. आईलाही सोबत बसव.