नववी ते बारावी घरूनच: खान्देशातल्या पालकांनी नेमकं लिहावं

आठवी झाली की शाळा थांबवून पुढचं घरी, हा विचार करणारी घरं आता आपल्याकडेही आहेत. ज्यांना यातलं कळतं त्यांनी लिहा: बोर्ड, कागद, प्रयोग, तारखा. घरी मुलं कशी खुलतात, हे सगळ्यांना माहीत आहे. ते सोडून लिहा आणि वर आपल्या गावाचं नाव टाका.

चोपडा

पुस्तकांआधी दाखला. शाळा सोडल्याचा मूळ दाखला घेताना खिडकीशीच वाचून काढा. जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत एकच आहे का? जात-पोटजात, आईचं नाव, आधारशी जुळणारं स्पेलिंग? नाव पटावरून कमी झालं की दुरुस्ती फार जड जाते, म्हणून आधी जनरल रजिस्टरची, म्हणजे शाळेच्या प्रवेशवहीची, नोंद बघा आणि मगच अर्ज द्या. घरी शिकणाऱ्या मुलाचा जातीचा शालेय पुरावा इथेच संपतो.

पुढे जात पडताळणीत वडील-आजोबांच्या नोंदी लागतात: अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीच्या, विमुक्त-भटक्यांना १९६१ आणि ओबीसींना १९६७ पूर्वीच्या. आजोबांच्या गावच्या शाळेतला उतारा आत्ताच काढा. जुनी रजिस्टरं वाळवीच्या तोंडी गेलेली असतात, आणि बारावीच्या निकालानंतर धावपळीला वेळ नसतो.

धुळे

आमचं मत राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेला, म्हणजे एनआयओएस या मुक्त विद्यालयाच्या बोर्डाला. दहावीसाठी वय १४ पूर्ण हवं. विषय पाच, त्यात भाषा किमान एक, जास्तीत जास्त दोन. दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, म्हणून एप्रिल-मेला दोन विषय आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला तीन, असं तोडून बसता येतं. पासाला ३३ टक्के, पण लेखी आणि प्रात्यक्षिकात वेगवेगळे.

गाडी अडते ती टीएमएवर, म्हणजे शिक्षकाने तपासायच्या स्वाध्यायांवर. हे हाताने लिहून, स्कॅन करून, ठरलेल्या तारखेआधी चढवायचे असतात आणि त्यांना २० टक्के वजन आहे. मोबाइलने फोटो काढून पीडीएफ केली तर एक पान आडवं, एक अंधुक. दिवसाच्या उजेडात, पान सपाट ठेवून काढा आणि चढवण्याआधी स्वतः उघडून वाचा.

गणित नको म्हणून गृहविज्ञान, चित्रकला घेणारे बरेच. विज्ञान शाखा किंवा पॉलिटेक्निक मनात असेल तर गणित-विज्ञान सोडू नका.

अमळनेर

मूल पुढे इथल्याच कॉलेजात जाणार असेल तर राज्य मंडळाचा १७ नंबर फॉर्म, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसायचा अर्ज, बरा. पुस्तकं बालभारतीची, पीडीएफ फुकट. आपलं विभागीय मंडळ नाशिकला. फॉर्म ऑनलाइन भरायचा: मूळ दाखला (हरवला असेल तर द्वितीय प्रत आणि प्रतिज्ञापत्र), आधार, फोटो. मग प्रिंट आणि कागद संपर्क केंद्राच्या शाळेत द्यायचे. फी परत मिळत नाही.

घात होतो तो तोंडी आणि प्रात्यक्षिकाच्या गुणांत. खासगी विद्यार्थ्याला कोणी फोन करून बोलावत नाही. दिवाळीनंतर शाळेतल्या क्लार्कला गाठून तारखा लिहून घ्या आणि प्रयोगवही आधीच पूर्ण ठेवा.

धुळे

पण राज्य मंडळात सहा विषय एका दमात! नऊ संधींचा फायदा तिथे कुठे?

अमळनेर

संधी नऊ दिसल्या की मूल पहिल्या चार वाया घालवतं. पंधराव्या वर्षी एक पक्की तारीख लागते.

यावल

दोघांनीही उन्हाचं लिहिलं नाही. मुक्त विद्यालयाचे बहुतेक पेपर दुपारी अडीचला, तेही एप्रिल-मेमध्ये, म्हणजे आपल्याकडे पारा ४४-४५ असताना. पहाटे पाचला अभ्यास करणारं मूल दुपारी पेंगतं. शेवटचा महिना सराव पेपर अडीच ते साडेपाच याच वेळेत सोडवून घ्या. ऑक्टोबरची परीक्षा घ्यावी तर कापसाची वेचणी. मजूर मिळत नाही आणि घरातलं मोठं पोर शेतात ओढलं जातं. ज्याची शेती त्याने हे आधी ठरवावं.

भुसावळ

प्रयोगांपैकी निम्मे घरी होतात. मातीचा सामू (पीएच) बघा: शेताच्या चार-पाच ठिकाणची माती, वीतभर खोलीची, सावलीत वाळवून, ढेकळं फोडून चाळा. २० ग्रॅम माती, ५० मिली डिस्टिल्ड वॉटर. अर्धा तास अधूनमधून ढवळा, निवळू द्या आणि वरच्या पाण्यात पीएच पट्टी बुडवा. तापीकाठच्या काळ्या जमिनीत साधारण ८ च्या आसपास येतं. बोअरचं पाणी वापरलं की आकडा मातीचा न राहता पाण्याचा येतो, कारण त्यात बायकार्बोनेट असतात. तेच बोअरचं आणि पावसाचं पाणी दोन बाटल्यांत घेऊन साबणाचं द्रावण थेंबथेंब घाला, हलवा. फेस टिकायला किती थेंब लागले ते मांडा. दुष्फेन पाण्याचा धडा झाला.

अनुमापन (टायट्रेशन), विद्युत परिपथ, सूक्ष्मदर्शक मात्र केंद्राच्या प्रयोगशाळेतच. ब्युरेटचं वाचन डोळ्याच्या पातळीवर घ्यायची सवय पुस्तकातून लागत नाही.

चाळीसगाव

थोडक्यात: पाटणादेवीला १२०७ चा शिलालेख आहे, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याचा. गणिताला कंटाळलेल्याला एकदा नेऊन आणा. पांझरेवरची फड पद्धत, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घ्यायची जुनी सिंचन पद्धत, भूगोलाच्या प्रकल्पाला उत्तम: बंधारा, पाट, फडाची वाटणी, सगळं चालत बघता येतं.

नवापूर

बारावीचं कोणी लिहिलं नाही. मुक्त विद्यालयात दहावीनंतर दोन वर्षांचं अंतर लागतं. एका वर्षात बसलात तर चारच विषय देता येतात, पाचवा नंतर. मेडिकलला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवंच, हे विषय निवडतानाच बघा.

आणि सीमेवरच्यांनी जपा. नवापूरहून सुरत सोयीची, रावेरहून बऱ्हाणपूर, म्हणून अभ्यासकेंद्र तिकडचं घेण्याचा मोह होतो. मेडिकलच्या राज्य कोट्याला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागतात. केंद्र नंदुरबार, धुळे, जळगाव यांपैकीच घ्या, बस दोनदा बदलावी लागली तरी.