शब्दचर्चा : लिंबूटिंबू

प्रश्न
'लिंबूटिंबू' चांगल्या अर्थाने वापरता येतो का? मी नागपूरहून नेपाळमधल्या एका शाळेत स्वयंसेवक म्हणून गेले होते, त्यावर लिहिते आहे. मधल्या सुट्टीत (तिथे 'टिफिन') मुलं मला लुकामारीत, म्हणजे लपाछपीत घेत, पण माझ्यावर राज्य येऊ देत नसत. 'मुलांनी मला लिंबूटिंबू करून घेतलं' असं लिहिलं, तर धरमपेठेतली मैत्रीण म्हणते, हा अपमान वाटतो.

प्रतिसाद
मैत्रीण बरोबर आहे. क्रिकेटच्या बातम्यांत 'लिंबूटिंबू संघ' म्हणजे कुणीही सहज हरवावा असा. 'पाहुणा भिडू' लिहा.

प्रतिसाद
'पाहुणा' अजिबात नको. पाहुणा ओट्यावर बसून खेळ बघतो. या तर धावल्या.

लिंबूटिंबू हा गल्लीतला शब्द आहे आणि तिथे तो मायेचा आहे. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात. उन्हाळ्याच्या संध्याकाळी ऊन उतरलं की लहानमोठी सगळी पोरं एकत्र खेळतात. ताईच्या मागे धाकटा येतोच. त्याला घरी हाकलत नाहीत, 'हा लिंबूटिंबू हं!' असं डाव सुरू होण्याआधी सांगून टाकतात. मग तो लपतो, ओरडतो, पकडला जातो, पण आऊट होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. तो लहान आहे हे कारण झालं. शब्द मात्र त्याला खेळात दिलेल्या जागेचा आहे. बातमीदारांनी दुबळेपणा तेवढा उचलला आणि ती जागा सोडून दिली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

'राज्य'ही बघा. मिळतं, तेव्हा कुणालाच नको असतं! काहीजण 'डाव' म्हणतात, 'डाव दे' म्हणजे तुझी पाळी भोग. पण ज्या दिवशी धाकट्यावर पहिल्यांदा राज्य येतं, त्या दिवशी तो भिडू होतो, आणि हे त्यालाही कळतं. म्हणून विचारते, तुमच्यावर कधी आलं का?

प्रश्नकर्ती
लुकामारीत नाही. चुंगीतही नाही. रबरबँडांचा झुबका पायाने उडवत ठेवायचा, खाली पडू द्यायचा नाही. माझा लगेच पडायचा, पण मुलं म्हणायची, परत घ्या. डंडी बियो मात्र आपला विटीदांडूच निघाला. तोच खळगा, तशीच दोन्ही टोकांना निमुळती विटी. २०१७ साली व्हॉलीबॉल नेपाळचा राष्ट्रीय खेळ झाला, त्याआधी तो मान लोक डंडी बियोलाच देत. मी विटी कोलून लांब मारली, आणि त्यानंतर एकाही मुलाने मला सवलत दिली नाही. झेल गेला की बाद. त्यावरून माझ्याशी भांडलीसुद्धा.

प्रतिसाद
मग दोन्ही शब्द ठेवा : लुकामारीत लिंबूटिंबू, डंडी बियोत भिडू. वाचणाऱ्याला अपमान वाटणार नाही, कारण दुसऱ्या शब्दाने पहिल्याचा अर्थ उलगडतो. फक्त 'करून घेतलं' काढा, त्यात फसवल्यासारखं वाटतं. 'लिंबूटिंबू म्हणून खेळायला घेतलं' असं लिहा. आणि भांडण गाळू नका.