शेनँडोआ : तंबू आणि लाकडी केबिन

अमेरिकेत वॉशिंग्टन डी.सी.जवळ ऑक्टोबरमध्ये डोंगरात तंबू टाकायचा तर कुठे, असं तुम्ही विचारलंय आणि आधी उत्तर देणाऱ्या सगळ्यांनी शेनँडोआ राष्ट्रीय उद्यानातला बिग मेडोज हा तंबूतळच सुचवलाय. जागा सुंदरच आहे, पण पानगळीच्या रंगांत तिथे फार गर्दी असते. मी त्याच उद्यानातला लॉफ्ट माउंटन हा तळ सुचवेन. उद्यानातून जाणाऱ्या स्कायलाइन ड्राइव्ह या रस्त्यावर ७९ व्या मैलाच्या पुढे, तंबूंसाठी दोनशेहून जास्त जागा आणि बरीच शांतता.

केबिनच हवं असेल तर उद्यानातल्याच लुइस माउंटनला वीज, न्हाणीघर मिळतं; स्वयंपाक बाहेर चुलीवर. (१९३९ साली ही जागा फक्त कृष्णवर्णीयांसाठी वेगळी काढली होती, हे तिथे राहताना आठवावंच.) खरं जुनं केबिन म्हणजे निकोल्सन हॉलो या दरीतलं कॉर्बिन केबिन. १९३५ मध्ये उद्यान होण्याआधी तिथे राहणाऱ्या कुटुंबाचं ते घर. गाडी जात नाही, सामान पाठीवर घेऊन चालत उतरायचं. वीज नाही. ते पोटोमॅक अपलेशियन ट्रेल क्लब या डोंगरभटक्यांच्या संस्थेकडून भाड्याने मिळतं.

अस्वलं आहेत, तेव्हा खाणं, अगदी टूथपेस्टसुद्धा, तंबूत ठेवू नका. सरपण घरून नेऊ नका, त्यातून झाडांना मारणारी कीड पसरते. आणि लहान मुलं असतील तर जाड पांघरुणं न्याच, डोंगरावर रात्री बराच गारठा असतो.