शब्दचर्चा : भटकभवानी ही शिवी की आणखी काही?

सुरंगी :
पुढच्या महिन्यात आईचं वर्षश्राद्ध. त्या दिवशी येणाऱ्यांच्या हातात द्यायला सोळा पानांची छोटी पुस्तिका काढतोय. पहिल्या पानावर तिचा फोटो, खाली नाव आणि नावाखाली एकच शब्द. तो शब्द अडलाय.

मला 'भटकभवानी' हवाय. दादा म्हणतो, आईला शिवी छापून वाटणार का?

आमचं घर गुहागर तालुक्यात, वाशिष्ठीच्या खाडीच्या अलीकडे. वाडीतल्या बायका आगोटीला मिरच्या वाळवत, सांडगे घालत, तेव्हा ही हळद कुटून अर्ध्यावर ठेवायची आणि धोपाव्याहून दाभोळला जायची. फेरीबोट नव्हती तेव्हा होडीने. विचारलं तर "चंडिकेला भेटून आले." दाभोळची चंडिका भुयारात असते, आत फक्त समईचा उजेड. तिथे ती काय बोलायची कोण जाणे. बाबा पानावर स्वतःच वाढून घेत आणि आमटी आळणी असली तरी काही म्हणत नसत.

दिवेलागणीला ती पाखाडी उतरताना दिसे. निऱ्या खोचलेल्या, चपला हातात, पिशवीतून कुठल्या तरी रोपाचा शेंडा बाहेर आलेला. गडग्यापलीकडून काकी ओरडायच्या, "आली गो भटकभवानी!" आणि ही तिथूनच, "आले! हात धुवून ये, प्रसाद आहे."

दुसरे शब्द पाहिले. 'स्वच्छंदी' म्हटलं की शाळेच्या निबंधातला पक्षी डोळ्यांसमोर येतो. 'मनस्वी' बरा होता, पण आपल्याकडे तो शोकसभेत 'मनस्वी दुःख झाले' असा इतका वापरून झालाय की फोटोखाली नकोच. 'मुक्त' लिहिलं तर लोकांना वाटेल, सुटली बिचारी. सुटायला ती अडकली होती कुठे?

तर शब्द वापरावा का? आणि लिहायचा एकत्र की तोडून?

कातळफूल :
नको. वाचणारे सगळे तुमच्या आईला ओळखणारे नसतील. पाहुण्यांतली सुनेची माणसं काय समजतील?

खाजणवाट :
शब्द एकत्रच लिहायचा, तो समास आहे. 'रडतराऊत'च्या जातीचा म्हणा. आधी खोड, मग खोड करणाऱ्याला चिकटवलेलं भारदस्त नाव. राऊत म्हणजे घोडेस्वार, पण रडका. तशी भवानी, पण भटकी. टोमणा आहे तो त्या भारदस्त नावात.

गंमत दुसरीकडे आहे. पुरुषासाठी हाच अर्थ सांगणारे शब्द काढा : कलंदर, अवलिया, फिरस्ता, फार तर खुशालचेंडू. सगळ्यांत कौतुक, निदान माफी तरी आहे. आता बाईचे काढा. 'स्वैर' म्हणजे आपल्या मर्जीने वागणारा. त्याचीच 'स्वैरिणी' झाली की थेट चारित्र्यावर. सह्याद्रीत चढणारे पुरुष स्वतःला अभिमानाने 'भटके' म्हणवतात, आणि 'भटकी' म्हटलं की पुढे कुत्रीच येतात.

'ढालगज भवानी' ऐकलंय ना? ढाल म्हणजे जुन्या मराठीत मोठं निशाणसुद्धा. ते पाठीवर घेऊन फौजेच्या पुढे चालणारा हत्ती तो ढालगज. हत्तीला मान होता. तोच शब्द पुढे-पुढे चालणाऱ्या बाईला लावला आणि शिवी झाली.

आणि एक खवचटपणा करतो, राग मानू नका. 'भवानी' म्हणजे भवाची, शंकराची बायको. इंद्राची इंद्राणी, तशीच. तेव्हा एवढ्या मोकळ्या बाईचं नाव व्युत्पत्तीने शेवटी नवऱ्यावरूनच!

सुरंगी :
बाबा असते तर हे वाचून खूश झाले असते. गावात मात्र उलट होतं. त्यांना लोक 'तिचे यजमान' म्हणून ओळखत.

मालवणी खाजं :
आमच्याकडे फिरण्याला 'भोवणे' म्हणतात. "खय भोवाक गेली ती?" भोवरा, भोवळ त्याच घरातले. माझी आजी असल्या बाईला 'पायाक भिंगरी' म्हणायची आणि म्हणताना हसायची. म्हणजे शिवी नव्हे, थोडा हेवा. ती स्वतः उभ्या जन्मात कुणकेश्वराच्या जत्रेपलीकडे गेली नव्हती. मला वाटतं, तुमच्या त्या काकींचा सूरही तोच असणार. 'भटकभवानी' दात-ओठ खाऊन म्हटलं तर शिवी, 'आली गो' लावून म्हटलं तर नाही. अडचण एवढीच की 'गो' छापता येत नाही.

कातळफूल :
तेच म्हणतेय मी. छापलेल्या शब्दाला सूर नसतो.

खाजणवाट :
भवानीचा तिसरा अर्थ कुणी काढला नाही. दिवसाची पहिली विक्री. मासळीवाली टोपली उतरवते आणि म्हणते, "भवानी करा, ताई." मिळालेली नोट कपाळाला लावते. तिथे हाच शब्द शकुनाचा.

सुरंगी :
हे वाचून हसूच आलं. आईची एक ठरलेली कोळीण होती, सकाळी पहिली आमच्या पडवीत यायची. आई घरी नसली तर बाबांना म्हणे, "आज भवानीच नाय, भवानी कशी होनार?" आम्हाला तो विनोद कितीतरी वर्षांनी कळला.

एक गोष्ट सांगायची राहिली. २०२२च्या ऑगस्टात पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली. आई तेव्हा शहात्तरची. गुडघे गेलेले, पण आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कंबरेला लावलं आणि निघाली. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो, ते ती जपून आणायची. चिपळूण, खेड, रत्नागिरी, एकदा थेट कोल्हापूर. दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणे, "महालक्ष्मीला सांगून आले, परत येईन म्हणून."

ती गेल्यावर कपाटात खारकांचा डबा सापडला. खारका नव्हत्या, तिकिटंच. मशीनवरची शाई उडून बहुतेक कोरी झालेली. पण मागे प्रत्येकावर पेन्सिलीने एकेक ओळ : 'खिडकी मिळाली.' 'शेजारीण चिवट.' 'घाटात धुकं, चहा वाईट.' एकावर नुसतं 'उगाच'.

दादाने तो डबा अजून उघडलेला नाही.

मालवणी खाजं :
'उगाच' छापा. शब्द मिळाला.

खाजणवाट :
नाही हो, 'उगाच' आतल्या पानावर. फोटोखाली 'उगाच' म्हणजे भलतंच.

कातळफूल :
तिकिटांचं ऐकल्यावर माझा विरोध थोडा ढिला झालाय. पण दादांना विचारल्याशिवाय छापू नका. आई दोघांची आहे.

सुरंगी :
विचारलं. डबा त्याच्यापुढे ठेवला आणि मी स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ काही आवाज नाही. मग हाक मारून विचारतो, "ही शेजारीण चिवट कोण गो?" शब्दाबद्दल हो नाही, नाही नाही.

मी ते हो धरून मजकूर छापखान्यात दिला. काल प्रूफ आलं. तिथल्या मुलाने शब्द तोडलाय, मधे जागा सोडून 'भटक भवानी'. मी लाल पेन घेतलं, तर दादाने कागद ओढून घेतला, चष्मा वर करून दोनदा वाचला.

म्हणाला, "राहू दे तोडलेलाच. मधे स्वल्पविराम तेवढा घाल."